फाळका

परवा दुपारी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले तर खाली पार्किंगमधे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. एक जीप रँग्लर आणि तिच्या बाजूला ग्लॅडिएटर. दोन्ही एकाच मातकट हिरव्या रंगाच्या, तेच गोल दिवे, मधे त्याच सात उभ्या फटी, जशा काही दोघी बहिणी एकाच ताग्यातलं कापड शिवून आल्यात. मग नजर मागे गेली. एकीच्या पाठीवर छप्पर, दुसरीची पाठ उघडी, आणि त्या उघड्या हौद्यात एक मांजर हातपाय पसरून झोपलेलं. ओला टॉवेल हातात तसाच राहिला.

कारण आमच्या घरात गेले चार महिने हाच विषय चालू आहे. रस्ता सोडून जाता येईल अशी गाडी घ्यायची ह्यावर एकमत आहे, फोर बाय फोर हवी, लो रेंज (चढा-चिखलात हळू पण जोरात ओढणारा गिअर) हवी, चिखलाला घाबरणारी नको, सगळं ठरलंय. फक्त मागे काय असावं ह्यावर घोडं अडलंय. नवऱ्याला एसयूव्ही पाहिजे. मला पिकअप. ज्याला विचारावं तो म्हणतो अरे एकच तर गाडी आहे, तुमच्या गरजेप्रमाणे घ्या, जणू काही माणसाला आपली गरज माहीत असते.

नवऱ्याचा मुद्दा कोनांचा. एका रात्री त्याने टेबलावर फूटपट्टी ठेवली, दोन टोकांखाली दोन खोडरबर, आणि मधे एक पुस्तक उभं करून मला समजावलं की चाकांमधलं अंतर वाढलं की उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. हे मला फूटपट्टीशिवाय पण कळलं असतं, लांब कुत्र्याचं पोट उंबऱ्याला घासतं ते कोणी पाहिलेलं नाही? पण त्याला आकडे आवडतात. चार दारांच्या रँग्लरची पुढची मागची चाकं साधारण ३ मीटरवर, ग्लॅडिएटरची जवळपास साडेतीन मीटरवर. दोन्हींचं रुबिकॉन, म्हणजे खास आडवाटेसाठीचं मॉडेल घेतलं तर चढाला भिडायचा पुढचा कोन जवळजवळ सारखाच, पोटाखालच्या कोनात पण दोनेक अंशांचाच फरक, पण मागचा, म्हणजे खड्ड्यातनं बाहेर पडताना शेपूट घासू नये म्हणून जो लागतो तो, एकीचा ३७ अंशांच्या आसपास आणि दुसरीचा २६. "अकरा अंश गं, अकरा!" असं तो ज्या आवाजात म्हणाला त्या आवाजात त्याने आमच्या लग्नाची तारीख कधी लक्षात ठेवलेली नाही.

मी म्हटलं, अरे पण ओढायला? ग्लॅडिएटर आली तेव्हा तिची ओढायची ताकद जास्तीत जास्त ३,४७० किलोपर्यंत सांगत होते, रँग्लरची तेव्हा १,५८८. दुपटीपेक्षा जास्त. आणि गंमत म्हणजे ती जी सात फटींची सारखी तोंडं मी वरनं बघत होते ना, ती सारखी नाहीतच. ओझं ओढताना इंजिन तापतं, हवा जास्त लागते, म्हणून ग्लॅडिएटरच्या फटी मुद्दाम जरा रुंद केल्यात. लांबनं कळत नाही. ओझं वाहणाऱ्याची नाकपुडी फुगणारच. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, आपल्याला ओढायचंय काय?

ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. आमच्याकडे बोट नाही, ट्रेलर नाही, घोडा नाही. ओढायला फक्त संसार आहे आणि तो चारचाकीला लावता येत नाही.

पण माझ्याकडे दोऱ्या आहेत. ही माझी खोड आहे, मान्य. कुठल्याही पार्सलची सुतळी मी कापत नाही, गाठ सोडवते आणि गुंडाळून ठेवते. नायलॉनची दोरी, काथ्याची, सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, एक जाड दोरखंड ज्याचा ह्या घरात आजवर शून्य उपयोग झालाय. किचनचा सगळ्यात खालचा ड्रॉवर त्यांचा. नवरा म्हणतो हा आजार आहे. मी म्हणते ज्याच्याकडे दोरी आहे त्याला हौदा पाहिजे, साधी गोष्ट आहे. एसयूव्हीत दोरी कशाला बांधणार, सगळं आत कोंबलं की दार लावून मोकळे. हौद्यात सामान ठेवायचं म्हणजे विचार करावा लागतो, जड खाली, हलकं वर, आडवी एक, तिरकी एक, आणि शेवटची गाठ अशी की ताण दिला की घट्ट आणि एक टोक ओढलं की सुटली. ती गाठ मला येते. तिचं नाव माहीत नाही, काकांनी शिकवलेली.

ग्लॅडिएटरचा हौदा ५ फुटांचा. मी हॉलमधे टेप लावून फरशीवर झोपून बघितलं. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं खाली पडणारं दार, बंद असेल तर सरळ मावत नाही, तिरकी झोपले तर मावते, फाळका उघडला तर पाय पसरून मावते. नवरा सोफ्यावरनं बघत होता. म्हणाला, गाडी घ्यायचीय की पलंग. (त्याला सांगितलं नाही, पण खरं उत्तर पलंग हेच आहे. त्यावर मागाहून येते.)

लोकांना वाटतं एसयूव्ही आधी, मग तिचं मागचं छप्पर कापलं की पिकअप. ग्लॅडिएटरचं साधारण तसंच झालं, २०१८ मधे पहिल्यांदा दाखवली ती चांगली रँग्लरवरनं ताणून काढलेली. पण बऱ्याच घरांत वंशावळ उलटी आहे. टोयोटाची हायलक्स १९६८ ची. तिच्याच हौद्यावर फायबरचं काढता येणारं टोपण बसवलं, मागे सीट टाकली आणि १९८४ मधे फोररनर नावाची एसयूव्ही म्हणून बाहेर आली. फॉर्च्युनर पण हायलक्सच्याच कुळातली. म्हणजे त्या ऐटदार गाड्या काचा वर करून थंडगार बसल्यात त्यांची आई ओझी वाहत होती. नवऱ्याला हे ऐकवलं तर म्हणाला, मग मुलांनी पण वाहायलाच पाहिजे का. बरोबरच बोलतो कधी कधी.

बसायला मात्र एसयूव्हीच बरी, हे मी कबूल करते. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग, हायलक्सला पाटे. पाटे म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांची कमान, टनभर वजनाच्या हिशेबाने बनवलेली, वजन नसलं की ती दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला कळवते. ओझं टाकलं की तीच गाडी कशी शहाण्यासारखी चालायला लागते. आमच्या घराण्यात असे दोन पुरुष आहेत, नावं घेत नाही. ग्लॅडिएटर त्यातल्या त्यात बरी, तिला मागे कॉइल आहेत. पण रिकाम्या पिकअपची शेपूट हलकी असते ती असतेच, ओल्या रस्त्यावर मागची चाकं जागा सोडू बघतात. काका म्हणून पावसाळाभर हौद्यात वाळूची चार पोती टाकून ठेवायचे. आम्हाला वाटायचं आम्हाला बसायला टाकलीत.

काकांची पिकअप. कुठल्या कंपनीची ते विचारू नका, नाव कधीच पुसलं गेलं होतं आणि रंग दर दोन वर्षांनी घरीच ब्रशने लागायचा, ज्या रंगाचा डबा उरलेला असेल तो. मी आणि चुलत भाऊ कायम मागे. नियम तीन, कठड्यावर बसायचं नाही, उभं राहायचं तर कॅबिनमागचा पाइप धरून, आणि काकांनी आतनं काचेवर ठोकलं की खाली बसायचं. कॅबिनमधे बसणं म्हणजे शिक्षा होती, आजारी असलं किंवा नवे कपडे असले की पुढे. आमच्याकडे एक काम होतं, फाळक्याच्या दोन्ही बाजूच्या खिट्ट्या, उजवी माझी, डावी त्याची. दोघांनी एकदम काढायच्या आणि फाळका सोडून द्यायचा, साखळ्या ताणून धाडकन् जो आवाज व्हायचा तो अख्ख्या गल्लीला कळायचा. काका रोज ओरडायचे, बिजागरी मोडेल एक दिवस. मोडली नाही. रात्री परत येताना पोत्यांवर उताणं पडून आकाश बघायचं, गाडी वळली की सगळं आकाश वळायचं आणि भाऊ छातीठोकपणे सांगायचा की गाडी नाही वळली, आकाशच वळलं. मी बरेच दिवस मानत होते. तर पलंगाचं असं आहे.

ह्या बाबतीत मला ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोचं फार कौतुक वाटतं. १९३२ मधे तिने फोर्डला पत्र लिहिलं असं सांगतात, की आम्हाला अशी एक गाडी द्या जिच्यात बसून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीत डुकरं घालून बाजारात नेता येतील. दोन गाड्या परवडत नसतील तर माणूस अजून काय मागणार. जिलाँगच्या कारखान्यात लुईस बँट नावाचा विशीतला एक पोरगा ड्रॉइंग करायचा, त्याने पुढे बंद कारसारखी ऐसपैस कॅबिन आणि मागे त्याच अंगातनं निघालेला हौदा अशी गाडी काढली, १९३४ मधे ती विकायला आली आणि तिकडे यूट म्हणून घराघरात गेली. मला त्या पत्राचं राहून राहून वाटतं. दिवसभराची कामं उरकून ती कंपनीला लिहायला बसली असेल, आणि नवरा बाजूला म्हणत असेल, अगं त्यांना वेळ आहे का. आणि डुकरं आणि चर्च एका वाक्यात लिहिताना तिला जराही लाज वाटली नाही! मला हे जमलं नसतं. मी आधी एक पानभर प्रस्तावना केली असती.

नवऱ्याचा दुसरा मुद्दा, जो मी चार महिने उडवून लावला, तो हा की पिकअपमधे सगळं उघड्यावर. सिग्नलला उभे राहिलो की बाजूचा माणूस तुमचं सामान बघतो, काय घेतलं, कुठून आणलं, गादीवर डाग कसला. मी म्हणायचे बघू दे, आपलं काय चोरीचं आहे का. परवा तो म्हणाला बरं बाई घे पिकअप, कव्हर मिळतं, वरनं गुंडाळत नेलं की हौदा बंद, कोणाला काही दिसत नाही. म्हणजे तो हरला होता. आणि मला आनंदच होईना. चहाचा कप घेऊन उगाच उभी राहिले. कव्हर म्हटल्यावर मला ताडपत्री आठवली.

मी आठ वर्षांची असेन. काका म्हणाले चल, आत्याला आणायचंय. मला वाटलं राहायला येतेय चार दिवस, भाऊ शाळेत होता म्हणून दोन्ही खिट्ट्या आज माझ्या ह्याच आनंदात मी. तिथे पोचलो तर सामान ओट्यावर आधीच काढून ठेवलेलं. शिलाई मशीन, एक लोखंडी कॉट, दोन ट्रंका, गादीची वळकटी, एक आरसा. दारात कोणी आलं नाही. काकांनी आणि आत्याने दोघांनीच सगळं चढवलं, काकांनी दोरी मारली, ती गाठ. अकरा वर्षांचा संसार आणि हौदा अर्धा पण भरला नव्हता. काका म्हणाले पुढे बस. आत्या म्हणाली नको, मशीन हलेल. ती मागे मशीनला हात लावून बसली आणि तिच्या शेजारी मी.

निघालो. ऊन होतं, आभाळ कोरडं ठणठणीत. थोडं पुढे गेल्यावर, बाजार सुरू व्हायच्या आधी, आत्याने मागनं काचेवर ठोकलं. काचेवर मागनं ठोकतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. काका उतरून आले.

"दादा, ताडपत्री टाक."

"अगं, पाऊस कुठंय?"

आत्या काही बोलली नाही. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग सीटमागनं ताडपत्री काढली आणि आमच्या दोघींसकट सगळ्या हौद्यावर टाकली, चारी बाजूंनी बांधली. आत अंधार झाला, डांबर आणि रॉकेलचा वास, दोन तीन भोकांमधनं उन्हाच्या काड्या तिच्या हातावर पडलेल्या. बाहेर बाजाराचा आवाज आला आणि गेला. मी विचारलं, आत्या, आपण झाकून का चाललोय?

"धूळ येते गं," आत्या म्हणाली.

रस्ता डांबरी होता. 

घरी पोचल्यावर काकांनी दोऱ्या सोडल्या. दोन्ही खिट्ट्या मीच काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण फाळका मी सोडला नाही. मला जड होत होता तरी दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, हळू खाली घेतला.