बाईंचं मृत्युपत्र

नगरच्या कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर मृत्युपत्राचं अप्रूप राहत नाही. मजकूर ठरलेला असतो: वय अमुक, मन स्थिर, कुणाचा दबाव नाही, सबब लिहून ठेवतो की... नावं आणि गट नंबर तेवढे बदलायचे. बाईंच्या घरी गेलो तेव्हा असाच कच्चा मसुदा खिशात होता.

बाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, म्हणून मीच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मसुदा हातात घेतला, लाल पेन मागवलं आणि आमच्या टायपिस्टच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसल्या. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, सुरुवात चुकली. पहिलं वाक्य लिहा, माझा आत्मा मी माझ्या तारणाऱ्याच्या हाती सोपवते. घरदार त्यानंतर." कोर्टाला या वाक्याचा काही उपयोग नाही, पण त्याची अडचणही नाही. लिहिलं.

मिळकत फार नव्हती. घर मुलगा आणि नाशिकची मुलगी यांना निम्मं निम्मं. बँकेतल्या ठेवीचा दशांश मंडळीला, म्हणजे त्यांच्या चर्चला, उरलेली ठेव पुण्याच्या नातीला. बाजाची पेटी शेजारच्या वहिनींना, कारण रविवारच्या उपासनेला गीतं त्याच धरतात.

दशांशाचं ऐकून मला जुनं कलम आठवलं. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याच्या 118 व्या कलमात अशी मेख होती, की पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असेल, तर धर्मादाय कामाला दिलेलं दान मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असेल तरच टिकायचं. शिवाय ते मृत्युपत्र केल्यापासून सहा महिन्यांच्या आत कायद्याने सांगितलेल्या ठिकाणी जमा करायचं. म्हणजे देवाला द्यायचं तर मरणाची तारीख आधी विचारून घ्यायची! केरळातल्या एका धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. बाईंना सांगितलं, तर हसून म्हणाल्या, "बरं झालं. माझ्याकडे बारा महिन्यांची हमी नाही."

दुसरी मेख मात्र अजून कायद्यात आहे. साक्षीला शेजारच्या वहिनी पदर सावरून तयार बसल्या होत्या. कलम 67 प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला दिलेली वस्तू बाद होते. मृत्युपत्र टिकतं, पेटी मात्र जाते. वहिनींना सांगितलं, सही करा नाहीतर पेटी घ्या. त्यांनी पेटी घेतली. चर्चचे पाळकसाहेब दुसरे साक्षीदार म्हणून आलेलेच होते. वहिनींच्या जागी गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनकाकांना निरोप धाडला. ते दळण आणायला गेले होते.

मुलगा इतका वेळ गप्प होता. साठीला आलेला, मंडळीच्या कमिटीवर असलेला गृहस्थ. तो म्हणाला, "नातीच्या ठेवीला एक अट टाका. ती मंडळीत राहिली तरच." नात म्हणजे त्याचीच मुलगी. तिने पुण्यात एका हिंदू मुलाशी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केलं होतं. अशी अट टिकेल का, यावर मी तासभर बोलू शकलो असतो. आमच्या धंद्यात त्याचेच पैसे मिळतात. पण बाईंनी मला बोलूच दिलं नाही. मुलाला म्हणाल्या, "कपाटातलं शास्त्र आण."

जुनं, जाडजूड पवित्र शास्त्र. पुठ्ठ्याचा कणा कापडाने चिकटवलेला. आतल्या कोऱ्या पानावर घराण्याच्या नोंदी होत्या: जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. शाई कुठे निळी, कुठे तपकिरी पडलेली. बाईंनी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा, 1906. पुढे त्याच हातचे तीन शब्द: वडील आले नाहीत.

"त्याच्या वडिलांनी माझ्या आज्याला हीच अट घातली होती," बाई म्हणाल्या. "आमच्यात राहशील तर जमीन." 1850 च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसा बुडत नव्हता. पण खेड्यातला तरुण कुठल्या कोर्टात जाणार? तो नेसत्या धोतरानिशी नगरला मिशनकडे आला. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं इथे 1831 पासून होतं. तो तिथे शिकला आणि पुढे मास्तर झाला. त्याची बायको बायबलबाई म्हणून वस्त्यांवर पायी फिरायची.

मुलगा म्हणाला, "आई, ते वेगळं. तो सत्याकडे आला, ही दूर गेली."

"त्याच्या बापालाही असंच वाटलं असणार," बाई म्हणाल्या. "कवी ना. वा. टिळकांच्या घरात काय झालं, ठाऊक आहे ना? त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात कुणी अट घातली असती तर लक्ष्मीबाई आल्या असत्या का? मी रोज सकाळी हिच्यासाठी प्रार्थना करते, ती करीतच राहीन. ठेवीवर मात्र माझा विश्वास टांगायचा नाही."

मी कोर्टात भल्याभल्यांचे युक्तिवाद ऐकलेत. हा त्यांच्यात वरचा होता. पाळकसाहेब इतका वेळ चष्मा पुसत होते. बिनअटीचं कलम लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ आली: घरचं पवित्र शास्त्र नातीला.

"तिला कशाला? ती कुठे वाचणार?" मुलगा.

"नावं तरी वाचील. तिचं अजून त्यात लिहायचं राहिलंय. माझा हात कापतो, तू लिही."

तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग पान ओढून घेतलं, मुलीचं नाव लिहिलं, जावयाचं लिहिलं. कमिटीचं प्रोसिडिंग लिहिणाऱ्या माणसाचं रेखीव अक्षर. तारखेपाशी थांबला आणि मान वर न करता म्हणाला, "तारीख काय होती?"

बाईंनी क्षणाचाही वेळ न घेता तारीख सांगितली, वारासकट.

तेवढ्यात पोस्टमनकाका आले, पिठाचा डबा दारात टेकवला, खिशातलं पेन काढलं आणि मला विचारलं, "सही मराठीत चालेल की इंग्रजीत करू?"