एकटा इलेक्ट्रॉन कोणाशी मिसळतो?

पोटापाण्यासाठी मी आयुष्यभर हिशेब तपासले. भौतिकशास्त्राशी माझे नाते निव्वळ हौशी वाचकाचे, आणि ते जुळले आपल्या याच शाळेतल्या एका प्रश्नामुळे.

प्रकाशाच्या धड्यात थॉमस यंगचा प्रयोग होता. दोन बारीक फटी, मागे पडदा, त्यावर उजेड-अंधाराचे पट्टे. दोन फटींतून आलेल्या लाटा कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे पुसून टाकतात, हेच व्यतिकरण. इथवर सोपे होते. तास संपता संपता सर म्हणाले, “इलेक्ट्रॉन एकेकटा सोडला तरी शेवटी असेच पट्टे उमटतात. मग तो एकटा मिसळतो कोणाशी?” तेवढ्यात घंटा झाली. प्रश्न परीक्षेला येणार नव्हता, त्यामुळे वर्गाने तो सोडून दिला. मला काही तो सुटला नाही.

पुढे अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने १९८९ साली प्रसिद्ध केलेली छायाचित्रे पाहायला मिळाली. फटींच्या जागी त्यांनी विद्युतभार दिलेला बारीक तंतू वापरला होता; त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन वाटा. सुरुवातीला पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात, त्यांना ना क्रम ना आकार. ठिपके हजारोंनी साचले की मात्र पट्टे स्पष्ट होतात.

समांतर विश्वांची कल्पना याच कोड्याला भिडते. सूक्ष्म कणांचे वागणे सांगणारे श्रोडिंजरचे समीकरण सगळ्या शक्यता, इथे इलेक्ट्रॉनच्या दोन्ही वाटा, एकत्र पुढे नेते, आणि त्याच एकमेकींत मिसळतात; मोजमाप केले की एक उरते आणि बाकीच्या नाहीशा होतात, असा वेगळा नियम पाठ्यपुस्तके वर जोडतात. ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात, १९५७ साली, तो जोडलेला नियमच काढून टाकला. मग मोजणारा माणूसही समीकरणात येतो, आणि प्रत्येक निष्कर्षासोबत तो निष्कर्ष पाहणारा एकेक ‘तो माणूस’ उरतो. याच वेगवेगळ्या शाखा, म्हणजेच समांतर विश्वे. माझ्या पेशातल्या माणसाला हे आवडणारच. व्हाउचर नसताना रकमा खोडायच्या नाहीत, एवढेच एव्हरेट म्हणत होता. क्वांटम भौतिकशास्त्रातले तेव्हाचे वजनदार नाव असलेल्या नील्स बोरच्या मंडळींनी त्याला दाद दिली नाही. तो विद्यापीठ सोडून पेंटॅगॉनच्या कामात शिरला. भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डेविटने १९७० मध्ये ही कल्पना लोकांपुढे आणली तेव्हा कुठे तिची चर्चा झाली.

स्नेहसंमेलनात कोणीतरी हमखास म्हणते, “दुसऱ्या एका विश्वात मी डॉक्टर झालो असेन!” हे ऐकले की मला राहवत नाही. फाटे आपल्या निर्णयांमुळे फुटत नाहीत. एखाद्या अणूचा ऱ्हास झाला किंवा झाला नाही, हा फरक भोवतालच्या असंख्य कणांत पसरतो आणि शाखा एकमेकींपासून तुटतात. हुकलेल्या प्रवेशाचे सांत्वन त्यात शोधू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळेच निष्कर्ष घडत असतील, तर एकाची शक्यता जास्त आणि दुसऱ्याची कमी, याला अर्थ काय? भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९९ मध्ये निर्णयशास्त्राच्या आधारे उत्तर दिले: शहाण्या माणसाने पैज लावताना शाखांना अमुक इतकेच वजन द्यावे. युक्तिवाद देखणा आहे. पण पैज कशी लावावी हे कळले म्हणून जगात काय घडते ते कळत नाही, असे माझे मत. सध्या वरच्या वर्गांत असलेल्या कोणाला डॉइच पटले असतील, तर त्याने किंवा तिने मला जरूर गाठावे. वाद घालायला मी एका पायावर तयार आहे.