तीसचा स्पीड आणि तो एक सेकंद

मागच्या आठवड्यात गाडी घेऊन घराकडे येत होतो, गल्लीत वळलो आणि पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या मधून एक पोरगं सायकल घेऊन एकदम समोर. ब्रेक मारला, गाडी थांबली, पोरगं निघूनही गेलं, माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते. तेव्हा मी तीसच्या आसपास होतो, पन्नासला असतो तर?

रात्री बसून हिशोबच केला. समोरचं दिसण्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तीसला त्या सेकंदात गाडी ८ मीटर पुढे जाते आणि रस्ता कोरडा असेल तर पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. म्हणजे १३. पन्नासला त्याच एका सेकंदात गाडी जवळपास १४ मीटर गेलेली असते. म्हणजे जिथे तीसवाली गाडी उभी राहिलीय तिथे पन्नासवाल्याने अजून ब्रेकसुद्धा दाबलेला नसतो, तो पूर्ण स्पीडने आदळणार! त्यात धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीसच्या पावणेतीन पट. ते पोरगं डोळ्यासमोरून जाईना.

आता नुसती ३० ची पाटी लावून भागत नाही हे खरंय. रुंद, सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, मीही दाबलाय. गतिरोधक हवेत, रस्ता जागोजागी अरुंद करायला हवा. लंडनमध्ये ताशी २० मैलाचे झोन (म्हणजे ३२ किमी) असेच केले, १९८६ ते २००६ चा डेटा तपासला तेव्हा त्या रस्त्यांवर अपघातात जखमी आणि मृत होणाऱ्यांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झालेली निघाली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने तर १९९२ मध्येच मोठे रस्ते सोडून सगळीकडे ३० केलं. आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीत, जिथे निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची लिमिट आहे, जुलै २०२५ पर्यंतच्या अख्ख्या वर्षात रस्त्यावरच्या अपघातात एकही माणूस दगावला नाही. एकही नाही.

तरी लोक म्हणतात वेळ जातो. कुठे जातो? घरापासून मेन रोडपर्यंत अर्धा किलोमीटर धरा, पन्नासने ३६ सेकंद, तीसने ६०, फरक २४ सेकंदांचा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे, मी गल्लीत तीसच्या वर जात नाही आता.