ब्रूनोस्टची नोंदवही: सॉस जमला, आईस्क्रीम अजून रवाळ

ब्रूनोस्ट म्हणजे नॉर्वेचं तपकिरी, गोडसर चीज. गेल्या नोंदीनंतर त्याचे चार पदार्थ मापून, पुन्हा पुन्हा करून झाले: मांसाबरोबरचा तपकिरी सॉस, वॅफल, कॅरमेल आणि आईस्क्रीम. पहिले तीन मापात आले. चौथा कशामुळे बिघडतो ते कळलंय, इलाज मात्र अर्धाच हाती आहे. शेवटी घरी निवळी, म्हणजे चीज करताना निघणारं पाणी, आटवण्याच्या घाण्याची नोंद आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी वडीची ओळख. नॉर्वेजियन लोक 'ब्रूनुस्त'च्या जवळपास उच्चार करतात. आपल्याकडे ब्रूनोस्ट रुळलंय, तेच चालवू. दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. गुडब्रान्सडाल्सओस्ट, म्हणजे वेष्टनावर जी35 लिहिलेला, गाईच्या निवळी-सायीत थोडं शेळीचं दूध घालून केलेला. एफ33 म्हणजे फ्लोतेमिसओस्ट, निव्वळ गाईचा, सर्वांत सौम्य. आणि 'एक्ते गेइतओस्ट', संपूर्ण शेळीचा, गडद आणि उग्र. खालची मापं जी35 ची आहेत. शुद्ध शेळीचा वापरणार असाल तर पाव हिस्सा कमी घ्या, नाहीतर बाकी सगळ्या चवी मागे पडतात.

याला चीज म्हणतात खरं, पण स्वयंपाकात चीज समजून वागवलं की फसगत ठरलेली. चीजमध्ये दूध विरजून चोथा ठेवतात आणि पाणी काढून टाकतात. इथे उलटं. ते पाणी, म्हणजे निवळी, दूध आणि साय घालून तासन् तास आटवतात. 1863 च्या सुमाराला गुडब्रान्सडाल खोऱ्यातल्या आन्ने होव हिने निवळीत साय घालायला सुरुवात केली, तेव्हापासून आजच्या चवीची वडी होऊ लागली. रंग येतो तो दुधातली साखर आणि प्रथिनं एकत्र तापल्यामुळे. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तपकिरी रंगही असाच येतो. वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त तर दुधातली साखरच असते. म्हणून याला तार सुटत नाही, पिझ्झ्यावर हा पसरत नाही. पातळ पदार्थात विरघळतो आणि कोरड्या आचेवर करपतो. मनात खव्याच्या खणात ठेवा, निम्म्या चुका टळतील. (2013 च्या जानेवारीत उत्तर नॉर्वेतल्या ब्रात्ली बोगद्यात 27 टन ब्रूनोस्ट नेणारा ट्रक पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. तूप-साखरेची गाडी पेटल्यावर दुसरं काय होणार!)

सॉस. नॉर्वेत हा शिकारीच्या मांसाबरोबर करतात, आणि रेनडिअरच्या पातळ कापांच्या 'फिनबिफ' या रश्श्यातही ब्रूनोस्ट पडतो. चार जणांचं आता पक्कं झालेलं माप: लोणी 25 ग्रॅम, मैदा 25 ग्रॅम, मांसाचा किंवा मशरूमचा गरम स्टॉक 400 मिली, साय 150 मिली, किसलेला ब्रूनोस्ट 40 ग्रॅम, ठेचलेली जुनिपरची 5 ते 6 फळं, थाइमची एक काडी. मैदा लोण्यात मंद आचेवर बदामी होईस्तोवर परता, याला 6 ते 7 मिनिटं लागतात. घाई केली तर सॉसला कच्च्या पिठाचा वास राहतो आणि ब्रूनोस्ट तो झाकत नाही. स्टॉक तीन वेळा करून घाला, जुनिपर-थाइम टाकून 10 मिनिटं उकळू द्या, गाळा, मग साय. ब्रूनोस्ट सर्वांत शेवटी, आच अगदी बारीक करून. दोन मिनिटं घोटलं की विरतो. मीठ त्याच्याही नंतर.

ब्रूनोस्ट आधी घातलेले दोन घाणे बुडाला लागले. किसाचे जड कण तळाशी बसतात आणि तिथली साखर जळते. तो कडूपणा गाळून जात नाही, सॉस फेकावाच लागतो. प्रमाणाचंही तसंच: 40 ग्रॅमला सॉस गोल, भरीव लागतो, 60 ला 'यात गोड काय आहे?' असा प्रश्न येतो, 80 ला कॅरमेलच. जास्त पडलाच तर मीठ वाढवून उपयोग नाही. लिंबाचे थेंब किंवा आंबटसर लिंगनबेरी चमचाभर घाला, गोडवा ताळ्यावर येतो. सायीऐवजी आंबट साय वापरायची तर 35 टक्के स्निग्धांशाचीच घ्या. 20 टक्क्यांच्या आसपासची हलकी उकळीला फाटते आणि दोष ब्रूनोस्टला लागतो.

भाजलेल्या पावावर ब्रूनोस्ट ठेवून वरच्या आचेखाली धरायचा प्रयोग बंद केला. दोन मिनिटांत वर काळे फोड, आत थंड. वर यार्ल्सबर्ग या तार सुटणाऱ्या नॉर्वेजियन चीजचा काप झाकला तर मात्र छान: तार यार्ल्सबर्गची, चव ब्रूनोस्टची. काप पातळच हवेत. त्यासाठी नॉर्वेत घरोघरी चीजचा रंधा असतो. लिलेहॅमरच्या टूर ब्योर्कलुन या सुताराने 1925 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, कल्पना अर्थातच लाकडाच्या रंध्यावरून. सुरीने काप जाड येतात, तुटतात आणि जिभेला चिकटतात.

वॅफल. पीठ नेहमीचं: अंडी 3, साखर 75 ग्रॅम, मैदा 250 ग्रॅम, दूध 400 मिली, वितळलेलं लोणी 100 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 चमचा, वेलदोड्याची पूड 1 चमचा. होय, वेलदोडा त्यांचाच आहे. नॉर्वेत वॅफलमध्येही घालतात आणि नाताळच्या पावातही. पीठ अर्धा तास मुरू द्या. ब्रूनोस्टचा काप वॅफल साच्यातून काढल्याबरोबर ठेवू नका. वाफ कापाखाली कोंडते आणि कुरकुरीतपणा जातो. जाळीवर एक मिनिट थांबा, मग काप, मग स्ट्रॉबेरीचा जॅम. किस थेट पिठात घातला तेव्हा वॅफल साच्याला चिकटून सोलून निघाले. पिठातच हवा असेल तर 60 ग्रॅम ब्रूनोस्ट त्याच दुधातल्या 100 मिली गरम दुधात पूर्ण विरघळवून घाला, साखर 30 ग्रॅमवर आणा आणि साचा नेहमीपेक्षा एक खूण कमी तापवा. तरीही रंग लवकर येतो, नजर हवीच.

कॅरमेल. 200 मिली घट्ट साय वाफाळेपर्यंत तापवा, उकळू नका. बारीक किसलेला 150 ग्रॅम ब्रूनोस्ट तीन वेळा करून घाला, 30 ग्रॅम ब्राउन शुगर, चिमूट मीठ, मंद आचेवर 5 मिनिटं घोटून गाळा. गरम असताना सुरेख. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत रवाळ होतं, कारण दुधातली साखर थंड पाण्यात फारच कमी विरघळते आणि सावकाश खडे धरते. पुन्हा 70 ते 80 अंशांवर तापवून घोटलं की परत गुळगुळीत. टाकून देऊ नका.

आईस्क्रीमची अडचण हीच, फक्त तिथे पुन्हा तापवायची सोय नाही. दूध 500 मिली, साय 250 मिली, बलक 5, ब्रूनोस्ट 120 ग्रॅम या मापाला तिसऱ्या दिवशी दाताखाली वाळू. पाण्याचा बर्फ झाला की उरलेल्या थोड्या पाण्यात सगळी दुधातली साखर दाटते, मग खडे धरणारच. दुधाची पावडर घातलेला घाणा आणखी वाईट निघाला, कारण पावडरीतही तीच साखर. सध्या दोन बदल चालू आहेत. ब्रूनोस्ट 80 ग्रॅमवर आणला, पावडर पूर्ण बंद. दुसरा बदल जास्त आशेचा: शिजवलेलं मिश्रण गार करून त्यात लॅक्टेजचे (दुधातली साखर फोडणाऱ्या विकराचे) थेंब घालायचे आणि 24 तास फ्रिजमध्ये ठेवायचं. दुधातली साखर फुटून जास्त गोड, जास्त विरघळणाऱ्या साखरा होतात. त्यामुळे घातलेली साखर एक तृतीयांशाने कमी करावी लागते, नाहीतर आईस्क्रीम मऊ राहतं आणि मिट्ट गोड लागतं. आठ दिवस गुळगुळीत राहिलं. दोन आठवड्यांची परीक्षा बाकी आहे.

पेढे. 200 ग्रॅम खवा, 50 ग्रॅम शुद्ध शेळीचा ब्रूनोस्ट, पिठीसाखर फक्त 40 ग्रॅम, वेलदोडा. खवा आधी परता, ब्रूनोस्ट आच बंद केल्यावर किसून मिसळा. इथे रवाळपणा गुणच ठरतो! गुलाबजामात मात्र खव्याच्या जागी ब्रूनोस्ट घालू नका. बाहेरून काळा पडतो, आत कच्चा राहतो.

घरचा घाणा. 5 लिटर निवळी, 300 मिली साय, 300 मिली शेळीचं दूध, यातून साधारण 550 ग्रॅम वडी. निवळी रेनेट (दूध न आंबवता गोठवणारं विकर) लावून केलेल्या चीजची, ताजी आणि गोडीच हवी. लिंबाने फाडलेल्या पनीरचं किंवा चक्क्याचं पाणी आटवलं तर आंबटपणाही आटून दाट होतो. सोडा घालून तो मारला की साबणासारखी चव येते. रुंद, जाड बुडाची कढई घ्या. उकळी फुटण्याआधी वर येणारा पांढरा साका झाऱ्याने काढून बाजूला ठेवा. 1 लिटर उरेपर्यंत अधूनमधून ढवळलं तरी चालतं. मग साका, साय, दूध घालून मिक्सरमधून फिरवून परत कढईत. इथून पुढे उलथनं थांबवायचं नाही. कढईची कड सोडून गोळा फिरू लागला की उतरवा आणि कढई थंड पाण्यात ठेवून गोळा कोमट होईपर्यंत घोटत राहा. याच घोटण्याने खडे बारीक राहतात. गेल्या घाण्यात हे काम पाच मिनिटांत आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी वडी साखरेसारखी कचकच लागली. ती सॉसमध्ये संपली. पुढच्या घाण्यात पूर्ण गार होईपर्यंत घोटून पाहायचं आहे.