थर्मोस्टॅट खोटं तापमान दाखवतोय? आधी त्याच्या मागची भिंत बघा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात थंडी सुरू झाली की हॉलमध्ये घाम आणि थर्मोस्टॅटवर मात्र 66, सेट केलंय 68 फॅरनहाइट म्हणजे आपलं 20 सेल्सिअस, त्यामुळे फर्नेस (घर गरम करणारं यंत्र) बंदच होईना. शेजारी साधा थर्मामीटर ठेवला, थोडा वेळ जाऊ दिला, तर त्याच्यावर 72! सगळे म्हणाले नवीन घ्या. पण प्लीज लगेच पैसे घालवू नका.

बॅटरी बदलून बघितली, काही फरक नाही. मग फर्नेसचा ब्रेकर बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला (ब्रेकर आधी बंद कराच, वायर 24 व्होल्टच्याच असतात पण एकमेकींना चिकटल्या तर फर्नेसच्या बोर्डवरचा फ्यूज उडतो) आणि मागे वायरसाठी पाडलेलं भोक उघडंच होतं, त्यातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट सेन्सरवर येत होती. बिचारा सेन्सर भिंतीतली थंडी मोजत होता! पुट्टीने भोक बुजवलं, आता दोन्ही आकडे जुळतात.

उलटा प्रकारही होतो, जवळ टीव्ही, दिवा किंवा ऊन असेल तर तो जास्त दाखवतो आणि घर गारच राहतं. बऱ्याच डिजिटल मॉडेलमध्ये आकडा एक-दोन डिग्रीने ॲडजस्ट करता येतो, पण ते माझ्या मते सगळ्यात शेवटी. आणि बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसवलेला विजेचा हीटर) असेल तर तिथे 120 किंवा 240 व्होल्ट असू शकतात, मग इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.