राजा गोसावी, बुकिंगची खिडकी आणि एक लाख रुपये

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज दिवसभर डोक्यात राजा गोसावीच, जुन्या मराठी सिनेमा-नाटकांतले विनोदी नट. दुपारी जेवणं झाल्यावर आईने यूट्यूबवर 'लाखाची गोष्ट' लावला, मी म्हटलं बघू दहा मिनिटं आणि मग भांडी आवरू, तर शेवटपर्यंत तिथेच बसले. कॉपी एकदम भंगार, मधेच आवाज गायब, चेहऱ्यांवर पांढरे ठिपके नाचतायत, तरी उठवलं नाही. १९५२चा पिक्चर. दिग्दर्शन राजा परांजपेंचं, लिहिलेला गदिमांचा, संगीत सुधीर फडके. 'त्या तिथे, पलिकडे, तिकडे' आणि 'डोळ्यांत वाच माझ्या' ही गाणी आपल्याला पाठ असतात पण ती या पिक्चरमधली आहेत हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. (त्या काळात मराठी सिनेमात राजांचा सुकाळच होता, परांजपे काय, नेने काय, गोसावी काय.)

तर त्यात एका महिन्यात लाख रुपये उडवून दाखवायचे अशी अट असते आणि पैसे काही संपत नाहीत. आई म्हणाली आता लाख संपवायला महिना कशाला लागतो, तुझ्या पोराची शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स भर, झालं. खरंय.

पण मला राहून राहून आठवत होतं ते वेगळंच. हा पिक्चर पुण्यात भानुविलासला लागला होता आणि तेव्हा राजा गोसावी त्याच थिएटरात बुकिंग क्लार्क होते. म्हणजे पडद्यावर हिरो आणि खाली खिडकीत बसून त्याच पिक्चरची तिकिटं विकणारा पण तोच माणूस. हा किस्सा पुण्यात इतक्यांदा सांगितला जातो की गुळगुळीत झालाय, आपण 'हो का, वा' म्हणतो आणि पुढे जातो. आज मात्र मी जरा थांबून विचार केला. संध्याकाळी मामा आला होता, त्याला विचारलं की जुन्या टॉकीजची खिडकी कशी असायची रे. तो म्हणाला अगं खिडकी कसली, भिंतीला भोक, वर जाळी, खालून जेमतेम हात जाईल एवढी फट, तू पैसे मूठ करून आत सरकवायचे, आतला माणूस तिकिटं फाडून सुट्ट्या पैशांसकट बाहेर ढकलणार, चेहरा बघायला कोणाला वेळ, मागनं रेटारेटी चालू. म्हणजे कित्येकांनी त्याच्याच हातून तिकीट घेतलं असणार, आत जाऊन त्याला हसले असणार आणि दोन्ही माणसं एकच हे त्यांच्या गावीही नसणार! आणि आत लाख रुपये कसे उडवायचे या चिंतेत असलेला हा बाबा बाहेर आण्यापैचा हिशोब जुळवत बसलेला.

लोक हे 'बघा किती साधा माणूस' म्हणून सांगतात. मला नाही तसं वाटत. साधेपणा वगैरे नंतरच्या लोकांनी चिकटवलेलं, तेव्हा मराठी सिनेमात पैसाच नव्हता. एक पिक्चर चालला म्हणून कोणी नोकरी सोडेल का? पगार ठरलेल्या तारखेला येतो, पुढच्या पिक्चरचं कोणी सांगावं.

आणि हा माणूस काही आभाळातून हिरो म्हणून पडला नव्हता. जन्म १९२५चा, सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा. सिनेमाच्या वेडापायी घर सोडलं आणि नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्स या कंपनीत पडेल ते काम केलं, ऑफिसबॉय, सुतारकाम, मेकअप, लाईट, गर्दीत उभं राहायला एक्स्ट्रा, सगळं. विनायकराव १९४७ला गेले, मग पुणं. इथे विनोदी नट दामुअण्णा मालवणकरांमुळे नाटकात शिरकाव झाला, गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये. म्हणजे कॅमेऱ्यापुढे यायच्या आधी त्याच्या मागची सगळी खाती पालथी घालून झाली होती. त्यामुळे खिडकीत बसणं हे त्यांच्या दृष्टीने 'खाली उतरणं' नसेलच, आणखी एक खातं, बस.

आता अभिनयाबद्दल. त्यांना मराठीतले डॅनी के (हॉलिवूडचा विनोदी नट) म्हणायचे, असली बिरुदं मला आवडत नाहीत, आपल्या माणसाला कायम बाहेरच्या कुणाच्या तरी नावाने का ओळखायचं. त्यांची गंमत अशी की ते विनोद करतायत असं वाटतच नाही. आज मी एक सीन तीनदा मागे नेऊन बघितला, बोलत असताना त्यांचे डोळे समोरच्यावर नसतात, किंचित बाजूला, जणू पुढची थाप शोधतायत, आणि ती सापडली की वाक्याचा स्पीड एकदम वाढतो. तोंड वेडंवाकडं करणं नाही की पडणं-धडपडणं नाही. घाबरलेला पण आव आणणारा मध्यमवर्गीय मुलगा, आपल्या पेठांमध्ये आजही ढिगाने सापडेल असा. 'गंगेत घोडं न्हालं', 'वाट चुकलेले नवरे', 'येथे शहाणे राहतात', नावं वाचूनच कळतं काय चाललं असेल. पुढे पिक्चरची हवा तमाशाकडे गेली आणि हे घराघरातले विनोदी पिक्चर मागे पडले, पण नाटक त्यांनी सोडलं नाही. 'लग्नाची बेडी', 'संशयकल्लोळ', 'कवडीचुंबक', जुनी नाटकं पण पब्लिक येत राहिलं.

२८ फेब्रुवारी १९९८ला भरत नाट्य मंदिरात प्रयोगाच्या आधी मेकअप करतानाच त्यांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. त्र्याहत्तरावं पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. त्या वयात 'आज जरा बरं नाही' म्हणून घरी राहिले असते तर कोणी बोललं नसतं. यावर 'रंगभूमीवरच देह ठेवला' असं लिहायची पद्धत आहे, मला मात्र त्या दिवशी तिकीट काढून आलेल्या लोकांना काय नि कसं सांगितलं असेल तेच डोक्यात येत राहिलं.

मामा निघताना म्हणाला की टायमिंग बघायचं तर गोसावीच. आईने लगेच तोंड वाकडं केलं, तिच्या मते शरद तळवलकरांपुढे कोणी नाही. दोघांचं चपला घालून दारात उभं राहून वीस मिनिटं चाललं, शेवटी मामाची बस गेली आणि मला त्याला गाडीवरून सोडायला जावं लागलं. भांडी अजून तशीच आहेत.