भारतीय सैनिक, बुसानच्या शाळकरी मुली आणि एक संशोधनवृत्ती

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी कोरियन संग्रहाचे काम पाहते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन शिकले, पुढे ग्रंथालयशास्त्राकडे वळले. आमच्याकडे पदवीच्या विद्यार्थ्यांना कोरियाविषयक संशोधनासाठी वृत्ती मिळते आणि त्यांना साधने शोधून देणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. वृत्तीची रक्कम बेताचीच असते, एक प्राध्यापक मार्गदर्शन करतात आणि सत्राच्या मध्यावर समितीसमोर तोंडी आढावा द्यावा लागतो. ही मुले पीएच.डी.लाही पुरून उरेल एवढा विषय घेऊन येतात. तो लहान कर, असे कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही. विषयाला कात्री लावायला भाग पाडेल असे काहीतरी त्यांच्या स्वतःच्या हाती लागावे लागते. एका विद्यार्थिनीच्या बाबतीत ते आढाव्याच्या दिवशीच, सकाळी घडले.

ती लॉस एंजेलिसच्या कोरियन कुटुंबातली, तिसऱ्या वर्षाला होती. कोरियन युद्धानंतर तिथे गेलेल्या भारतीय सैन्याची तटस्थता हा तिचा विषय. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला, तेव्हा मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचे काय करायचे हा प्रश्न उरला आणि अशा बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा भारतीय संरक्षक दलाकडे आला. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या होते आणि दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही, असे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बजावले होते; म्हणून इंचॉनला पोहोचलेल्या जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. थोरातांचे आत्मचरित्र मीच तिला काढून दिले होते. चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले असता थोरात स्वतः त्या गोटात शिरले आणि त्याला सोडवून आणले, हा प्रसंग माझ्या माहेरी मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

त्या सकाळी आम्ही ऑक्टोबर १९५३ ची कोरियन वृत्तपत्रे संगणकावर पाहत होतो. १९२० पासूनच्या अंकांची छायाचित्रे आता महाजालावर फुकट उपलब्ध आहेत, पण ती वाचणे सोपे नाही. मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे जाणारा, आणि हांगुल या कोरियन लिपीत चिनी अक्षरे सढळ हाताने मिसळलेली. घरी बोलून आणि शनिवारच्या कोरियन शाळेत जाऊन शिकलेल्या मुलीला हांगुल सफाईने वाचता येते, चिनी अक्षरांपाशी मात्र ती अडते. एका मथळ्यात शाई इतकी पसरली होती की संगणकाने शेजारी दिलेला मजकूरही भलताच निघाला. तिने त्या मथळ्याचा फोटो काढून आजीला पाठवला, आणि पाचच मिनिटांत आजीचा फोन आला.

महिन्याच्या सुरुवातीला भारतीय पहारेकऱ्यांनी केलेल्या गोळीबारात काही कैदी मारले गेले होते. मथळा त्याविषयीचा होता आणि त्याचा सूर भारतीयांना सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा होता. आजींनी तो घडाघडा वाचून दाखवला आणि मग, कोणी विचारलेले नसताना, त्याच वर्षीच्या उन्हाळ्याविषयी बोलू लागल्या. त्या तेव्हा बुसानला मुलींच्या शाळेत होत्या. युद्धविराम नको म्हणून निघालेल्या मोर्चांत त्यांचा वर्गही होता. बाईंनी आधी हजेरी घेतली, मग रांगेने रस्त्यावर नेले; घोषणा कागदावर लिहून आणलेल्या होत्या, आणि घरी आल्यावर पायांना फोड आले म्हणून आईने त्यांनाच बोल लावले.

विद्यार्थिनी भराभर टंकत होती. मी तिला थांबवले. माणसांकडून माहिती घेऊन केलेल्या संशोधनाला विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित संघराज्य नियमांनी मौखिक इतिहासाला बराचसा यातून वगळले आहे खरे, पण आपले काम त्यात बसते की नाही हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचे नसते. मी त्या कार्यालयाला फोन लावला. परवानगीची गरज नाही, मात्र संमती घ्या आणि तिची नोंद ठेवा, असे उत्तर मिळाले. आजींनी संमती दिली, ती अटींवर: माझे नाव नको, शाळेचे नको, आणि इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तेव्हा तारखा वर्तमानपत्रांत ताडून घ्या. मोठमोठ्या अभ्यासकांनाही या तिसऱ्या अटीची आठवण करून द्यावी लागते.

फोन ठेवल्यावर मुलीने जरा चाचरत विचारले, “सन्सेंगनिम (म्हणजे बाई), तो मथळा वाचून तुम्हाला वाईट वाटले का?” वाटले होते. पण मी तिला एवढेच म्हटले की थोरातांचे पान आणि हे पान शेजारी शेजारी ठेव, आणि माझ्याकडे पाहून त्यांतले एक निवडू नकोस.

दुपारी समितीसमोर तिने ती दोन पाने खरोखरच शेजारी ठेवली आणि मग आपला विषय बदलायची परवानगी मागितली. भारतीय तटस्थ होते की नव्हते, हे मला या सत्रात ठरवता येणार नाही, ती म्हणाली. १९५३ च्या जूनमध्ये बुसानच्या शाळकरी मुलींना रस्त्यावर कोणी आणि कसे उतरवले, हे मात्र शोधता येईल. एका आजीच्या आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही, असा आक्षेप एका प्राध्यापकांनी लगेच घेतला, आणि तो रास्तच होता. आठवण हा माझा पुरावा नाही, तिने मला प्रश्न दिला, असे तिने उत्तर दिले. बुसान तेव्हा देशाची तात्पुरती राजधानी होती, त्यामुळे सरकार, शाळा आणि वृत्तपत्रे एकाच शहरात सापडतील, हा तिचा मुद्दा समितीला पटला. फेब्रुवारी १९५४ मध्ये ७६ कोरियन आणि १२ चिनी कैदी दोन्ही बाजू नाकारून जहाजाने मद्रासला आले, त्यांच्यावरचे प्रकरण यात गळाले. ते मला स्वतःला फार हवे होते. पण वृत्ती माझी नव्हती.

समितीने पुढच्या शुक्रवारपर्यंत सुधारित आराखडा मागितला आणि तो मंजूर होईपर्यंत वृत्तीचा दुसरा हप्ता थांबवला. कोरियातल्या जुन्या शाळा आपल्या पन्नाशीला आणि शताब्दीला जाडजूड इतिहासग्रंथ काढतात, त्यांत शिक्षकांच्या याद्या आणि माजी विद्यार्थिनींची टिपणे असतात. बुसानच्या शाळांचे असे ग्रंथ कोणत्या ग्रंथालयांत आहेत ते आम्ही संध्याकाळपर्यंत शोधले आणि आंतरग्रंथालय सेवेकडे मागणी नोंदवली. एका ठिकाणाहून ग्रंथ बाहेर पाठवत नाहीत, निवडक पाने तेवढी स्कॅन करून देतात, म्हणून तिथून आधी अनुक्रमणिका मागवली.